फिरतीच्या नोकरीत शुगर सांभाळणारा डबा

मी मशीन सर्व्हिसिंगमध्ये आहे. आज चाकण, उद्या रांजणगाव, परवा कुरकुंभ. गेटपास होईपर्यंत जेवणाची वेळ टळते आणि आत गेल्या गेल्या समोर येतो गोड चहा आणि क्रीमची बिस्किटं. पोटात कावळे ओरडत असताना ‘नको’ म्हणवत नाही. काहीतरी खाल्लेलं असलं की सहज म्हणता येतं. डब्याचा खरा उपयोग हाच.

बरोबर दोन गोष्टी वेगवेगळ्या हव्यात: एक भुकेसाठी, दुसरी शुगर लो झाली तर. त्यांची अदलाबदल चालत नाही.

भुकेला फुटाणे सगळ्यात बरे. सालासकटचे घ्या, फायबर त्यातच असतं. 30 ग्रॅम, म्हणजे मूठभर फुटाण्यांत सहाएक ग्रॅम प्रथिनं मिळतात. जोडीला थोडे शेंगदाणे. ते घरीच भाजा: जाड बुडाची कढई, मंद आच, आणि सालं तडकू लागली की मिठाच्या पाण्याचा हबका. पाणी पूर्ण आटेपर्यंत हलवत राहायचं. गार व्हायच्या आत डबीत भरलेत तर मऊ पडतील. आणि एकेका मुठीच्या छोट्या डब्या करा. मोशीच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर मांडीवर मोठी पिशवी असेल, तर चाकण यायच्या आत ती संपलेली असते.

भाजणीचं थालीपीठ न्यायला हरकत नाही, पण भाजणीत डाळींबरोबर तांदूळ-ज्वारी-बाजरीही असते. त्यामुळे ते जेवणातल्या भाकरीच्या हिशोबात धरायचं. तळहाताएवढं थापा आणि प्रवासाचं असेल तर कांदा घालू नका. उकडलेलं अंडं सालासकट न्या, उन्हाळ्यात दोन तासांच्या आत संपवा. मंडईतून पेरू आणि काकडी घेऊन ठेवा. अख्खीच न्यायची, खाताना कापायची. पेरू चावून खाणं वेगळं आणि रसवंतीवर ग्लासभर ऊस रिचवणं वेगळं.

‘शुगर फ्री’ बिस्किटांचं पाकीट उलटं करून ‘टोटल कार्बोहायड्रेट’ बघा. साखर काढली तरी मैदा तिथेच असतो. भडंग हाताला हलकं लागतं, पण कुरमुरे शुगर झटकन चढवतात. लोणावळ्याच्या चिक्कीत शेंगदाणे असतात हे खरं, पण त्यांना धरून ठेवणारा गूळही असतो ना!

शुगरसाठी फक्त मेटफॉर्मिनची गोळी घेत असाल तर मधल्या वेळचं खाणं लागेलच असं नाही, भूक नसेल तर डबा तसाच परत आणा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र दुसरी गोष्ट, म्हणजे शुगर लो झाल्यावरची ग्लुकोजची पुडी सोडून घराबाहेर पडू नये. हात थरथरणं, दरदरून घाम, डोकं सुन्न होणं आणि शुगर मोजायच्या मीटरवर 70 च्या खाली आकडा, अशा वेळी शेंगदाणे कामाचे नाहीत, त्यातल्या तेलामुळे पचन सावकाश होतं. 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर, म्हणजे साधारण तीन चमचे, पाण्यात घालून प्यायची. 15 मिनिटांनी पुन्हा तपासायचं, आकडा खालीच असेल तर तेवढीच पुन्हा. शुगर वर आली की मग फुटाणे किंवा थालीपीठ. तोवर गाडी बाजूलाच उभी.

गोळ्यांमध्ये व्होग्लिबोज असेल तर पावडर ग्लुकोजचीच हवी. ही गोळी साध्या साखरेचं आतड्यात विघटन होऊ देत नाही, त्यामुळे चहावाल्याकडची साखर लवकर लागू पडत नाही.

पुडी शर्टाच्या खिशात ठेवा आणि बरोबरच्या माणसाला दाखवून ठेवा. मीटर बॅगेत असू द्या; डिकीतल्या उष्णतेने त्याच्या पट्ट्या खराब होतात आणि मग आकडाही चुकीचा येतो.