मेळघाटातली पहिली: कोरकू मुलांना मराठी शिकवताना

विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात. मग जुलैत मेळघाटात बदलून आलेल्या एखाद्या शिक्षकाचा फोन येतोच. "मॅडम, पहिलीची पोरं बोलतच नाहीत. काहीच येत नाही त्यांना." मी सांगते, मधल्या सुट्टीत पोरांजवळ जाऊन उभे राहा. तीच पोरं गोट्यांवरून भांडतात, कुणाची शेळी कुठे गेली याची चौकशी करतात, एकमेकांना गोष्टी रंगवून सांगतात. त्यांच्याकडे भाषा भरपूर आहे. ती कोरकू आहे आणि वर्गात तिला जागा नाही, म्हणून पोरं गप्प आहेत. "मंद आहे" हा शेरा मारायच्या आधी एवढं पाहून घ्या.

कोरकू ही मराठीची बोली नाही, हे आधी मनात पक्कं करा. ती मुंडा गटातली भाषा आहे. तिची नाती झारखंडातल्या संथाळी-मुंडारीशी आहेत, मराठी-हिंदीशी नाहीत. 2011 च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून अधिक लोकांनी ती आपली मातृभाषा सांगितली. त्यातले बरेचसे मध्य प्रदेशातले आहेत, बाकीचे मुख्यतः आपल्या मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याकडचे. मी स्वतः वऱ्हाडी घरातली. आमच्याकडे 'पाणी'चं 'पानी' होतं, तरी पुस्तक वाचताना अर्थ कळायचा. कोरकू मुलाला अर्थच लागत नाही. दोघांची अडचण एकसारखी मानू नका.

प्रवेश देताना आई किंवा आजीला विचारा, घरात कोणती भाषा बोलता? एकाच वर्गात कोरकू असतात, गवळ्यांची मुलं असतात, कोरकूच बोलणारे निहाल असतात, कुठे गोंडही असतात. धारणीकडच्या मुलांच्या कानावर मराठीआधी बाजारातली हिंदी पडलेली असते. दाखल-खारीज रजिस्टरात मातृभाषेचा रकाना आहे. तो सवयीने 'मराठी' लिहून भरू नका. तोच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरतो, आणि मूल कोण आहे हे कागदावर त्यातूनच ठरतं.

पहिले काही महिने तोंडी काम कोरकूतच चालू द्या. तुम्हाला कोरकू येत नसेल तर अंगणवाडीच्या ताईंना रोज थोडा वेळ मागा, चौथीतल्या दोन पोरींना हाताशी घ्या. ये, बस, दाखव, पुन्हा सांग, कुणाला भूक लागली, एवढं तरी स्वतः शिका. तुमचा उच्चार चुकला की पोरं हसतील, तुम्हाला सुधारून सांगतील. त्या दिवसापासून ती बोलायला लागतात, कारण वर्गात त्यांना तुमच्यापेक्षा जास्त येणारं काहीतरी असतं.

वाचनाची सुरुवात त्यांच्या शब्दांनी करा. कोरकू देवनागरीत सहज लिहिता येते. डा म्हणजे पाणी, उरा म्हणजे घर, सिता म्हणजे कुत्रा, कुला म्हणजे वाघ. व्याघ्रप्रकल्पाच्या गावातल्या पोराला कुला शिकवावा लागत नाही. अक्षर जुळवून 'कुला' असं तोंडातून निघालं की त्याच्या डोळ्यांसमोर वाघ उभा राहतो, आणि अक्षरांतून अर्थ निघतो हे त्याला कळतं. ही गोष्ट एकदाच शिकायची असते. नंतर तीच अक्षरं मराठी वाचायला कामी येतात. उलट 'जहाज' वाचणारं पोर नुसते आवाज काढत असतं, आणि आपण त्यालाच वाचन समजून पुढचं पान उघडतो.

आता चुकांकडे येऊ. इथे शिक्षकाला सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवावे लागतात. "चिमणी आला", "बाई गेला" असं लिहिलेलं दिसलं की लाल शाई बाहेर येते. पण कोरकूत क्रियापद स्त्रीलिंगी-पुल्लिंगी होत नाही. तिथला मोठा भेद सजीव आणि निर्जीव असा आहे. मराठीत दगड 'तो', माती 'ती' आणि झाड 'ते' का, याचं कारण आपल्यालाही देता येत नाही, आपण ते ऐकून शिकलो. म्हणून लिंगाचे नियम पाठ करून घेऊ नका. नाव शिकवताना "हा दगड, ही माती, हे झाड" असं हा-ही-हे लावूनच रोज बोला.

"तीन पाटी आणल्या" असं मूल म्हणालं तर त्याला मोजता येत नाही असं समजू नका. कोरकूत निर्जीव वस्तूला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही. सजीवांना मात्र दोनासाठी वेगळा आणि त्याहून जास्तीसाठी वेगळा प्रत्यय लागतो. दोन कुत्रे म्हणजे सिताकिंग, अनेक कुत्रे म्हणजे सिताकू. मराठीतलं एकवचन-अनेकवचन शिकवताना हे फळ्यावर शेजारी शेजारी मांडा. घरी आपण किती बारीक फरक करतो, हे पोरांच्या लक्षात येतं आणि मराठीचा नियम त्यांना सोपा वाटायला लागतो.

एका जागी तर कोरकू पोर मराठीच्या फार जवळ आहे. 'आम्ही' आणि 'आपण' हा फरक हिंदीच्या 'हम'मध्ये नाही, कोरकूत मात्र आहे. ऐकणाऱ्याला सोडून असेल तर कोरकूत 'आले' म्हणतात, त्याला धरून असेल तर 'आबुंग'. म्हणून "आम्ही खेळतो, आपण खेळू या" हे वाक्य मी लवकर घेते. मराठी आपल्यासारखी बोलते, हे पोरांना तिथे पहिल्यांदा जाणवतं.

आकडे मिया, बारी, आफई, उफुन, मोनोई या कोरकूतल्या एक ते पाचपासून सुरू करा. दहाला गेल म्हणतात आणि अकराला गेल-डो-मिया, म्हणजे दहावर एक. एकक-दशक यात उघड दिसतं, आपल्या 'अकरा'त ते दडलेलं आहे. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात एकवीस, बावीस हे 'वीस एक, वीस दोन' असं वाचायची पद्धत दिली तेव्हा राज्यभर केवढा वाद झाला! कोरकू मुलासमोर उभं राहून शिकवणाऱ्याला त्यातली सोय लगेच कळते. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करून आधी कोरकूत मोजा, मग मराठीत.

वर्षाचं नियोजन करताना गावाचं वर्ष पाहा. दिवाळीनंतर कुटुंबं कामाला खाली मैदानात उतरतात. होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण, त्याला सगळे परत येतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला पोरंही जातात. शाळेत उशिरा आलेल्या पोराला उभं करण्याऐवजी किती टोपल्या झाल्या, कुणाच्या झाडाखाली वेचल्या, हे विचारा आणि त्याच्याच वाक्यांचा फळ्यावर पाठ करा.

पालक एक हरकत हमखास घेतात. "कोरकू तर घरी येतेच. शाळेत मराठी शिकवा, नोकरी मराठीनं लागते." त्यांचं चुकीचं नाही. भाषेपायी त्यांनी दवाखान्यात, बँकेत, कचेरीत अपमान सोसलेला असतो. त्यांना भाषण देऊ नका. पालकसभेत त्यांच्याच पोराला आधी कोरकू गोष्ट वाचायला लावा आणि तीच गोष्ट मराठीत सांगायला लावा. आईला पोर वाचताना अर्थ लावतंय हे दिसलं की हरकत मागे पडते. काहींची राहते, तरी मराठीचा तास कधी बुडवू नका. मुलाला दोन्ही भाषा मिळायला हव्यात.

शेवटचं काम मूल्यमापनाचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये, शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवावं असं लिहिलं आहे. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच सांगतं. म्हणून नोंदवहीत प्रत्येक मुलासमोर दोन रकाने आखा: कोरकूत सांगता आलं का, मराठीत सांगता आलं का. तपासणीला साहेब आले की ही वही आधी समोर ठेवा. त्यांनी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मूल गप्प राहिलं, तर "साहेब, तोच प्रश्न मी कोरकूत विचारते" असं म्हणा, आणि त्याचं उत्तर त्यांच्यासमोरच पहिल्या रकान्यात लिहा.