गेमच्या सिक्वेलचे (पुढच्या भागाचे) रिव्ह्यू कसे वाचायचे: ४,९९९ रुपये घालवायच्या आधी

मामाचा पोरगा कुडाळला असतो, त्याचा दर दोन-तीन महिन्यांनी एकच मेसेज येतो, "दादा, नव्या गेमला शंभरात नव्वदच्या वर पडलेत, घेव काय?" आणि मी दरवेळी तेच विचारतो की मार्क सोड, कोणी काय लिहिलंय ते वाचलंस काय? नाही वाचलेलं. म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी फक्त हेच पाठवायचं.

मी पण काही शहाणा नव्हतो हां. ऐन पावसात एका मोठ्या सिक्वेलची डिस्क प्रीऑर्डर केलेली, कुरियर कणकवलीला येऊन पडलं, तिथून भिजत आणलं, घरी लावलं तर पहिल्यांदा भलामोठा पॅच (गेममधल्या चुका दुरुस्त करणारं डाऊनलोड), तो मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तीन रात्री चालला कारण मध्ये मध्ये लाईट जायची. एवढं करून बारा तास खेळलो तेव्हा कळलं की पहिल्या भागात जे मला डोक्यात जायचं तेच ह्यात दुप्पट आहे. मग जाऊन रिव्ह्यू उघडला तर त्या माणसाने चौथ्या पॅराग्राफात अगदी तेच लिहून ठेवलेलं. मी फक्त वरचा आकडा बघितला होता. म्हणजे रिव्ह्यू चुकीचा नव्हता, मीच वाचला नव्हता.

तर पहिलं काम, रिव्ह्यू उघडायच्या आधी एक कागद घ्या (मोबाईलच्या नोट्समध्ये पण चालेल) आणि पहिल्या भागात आपल्याला काय आवडलं नाही ते लिहा. काय आवडलं ते नको, ते लक्षात असतंच. आवडलं नाही ते तीन-चार ओळीत. उदाहरणार्थ गॉड ऑफ वॉर, २०१८ चा. मेटाक्रिटिकवर (समीक्षकांचे मार्क गोळा करून शंभरातला एक आकडा देणारी साईट) मार्क ९४, सगळ्यांनी डोक्यावर घेतला, कॅमेरा एकदाही कट होत नाही, कुऱ्हाड फेकायची आणि ती हातात परत येते, बापलेकाची गोष्ट, सगळं मान्य. पण तोच तोच ट्रोल (राक्षस) फक्त रंग बदलून किती वेळा यावा? ही तक्रार तेव्हा खूप जणांची होती, माझी पण. मग २०२२ ला त्याचा पुढचा भाग रॅग्नारॉक आला तेव्हा मी रिव्ह्यूमध्ये सगळ्यात आधी शोधलं ते हेच, की बॉस (मोठ्या लढाईतले मुख्य शत्रू) वेगवेगळे आहेत काय, आणि बऱ्याच जणांनी लिहिलेलं की हो, ह्यावेळी शत्रू आणि बॉस दोन्हीत व्हरायटी आहे. माझा अर्धा निर्णय तिथेच झाला. दुसरी गोष्ट, पहिल्या भागात गोष्टीतल्या नऊ जगांपैकी सहाच ठिकाणी जाता यायचं, दुसऱ्यात नऊच्या नऊ. हे पण रिव्ह्यूत सापडतं, आकड्यात नाही सापडत.

कारण गंमत बघा, रॅग्नारॉकला पण मेटाक्रिटिकवर ९४ च. पहिल्याला ९४, दुसऱ्याला ९४. आकड्यावरून काय कळलं? काहीच नाही. वाचलं तर कळतं की पहिल्याचे ९४ हे नवीन काहीतरी केलं म्हणून आणि दुसऱ्याचे ९४ हे जुनंच जास्त नीट आणि जास्त मोठं केलं म्हणून. तक्रारी पण वेगळ्या. सोबत फिरणारी मंडळी कोडं सुटायच्या आधीच उत्तर सांगून टाकतात, आयर्नवूडचा भाग खूप लांबतो, आणि शेवटची लढाई जिच्या नावावर गेम आहे ती जरा उरकल्यासारखी वाटते. आता मला कोडी सोडवायला आवडतात तर त्यातली पहिली तक्रार माझ्यासाठी मोठी, माझ्या मामेभावाला कोडं दिसलं की तो फोन उचलतो, त्याच्यासाठी तो फायदा.

"पहिल्यासारखंच आहे" हे वाक्य सिक्वेलच्या रिव्ह्यूत हमखास येणार, ते वाचून घाबरू नका. आपल्याकडे दशावतार बघतोच की. आख्यान सगळ्यांना पाठ, राक्षस मरणार हे शेंबड्या पोराला पण माहीत, हल्ली ट्रिकसीनवाली नाटकं असतात त्यात धूर कुठून येणार ते पण ठाऊक असतं, तरी रात्रभर बसतो. संवाद लिहून दिलेले नसतात, नट रंगमंचावर उभा राहून बोलतो, म्हणून जत्रेतून पहाटे परत येताना कोणी "गोष्ट जुनीच होती" म्हणत नाही, "आजचो राजा कमी पडलो" म्हणतात. सिक्वेलचा रिव्ह्यू पण तसाच वाचायचा. जुनंच आहे ते ठीक, पण राजा कमी पडला काय? मारामारी हाताला कशी लागते, आवाज दिलेल्या माणसांनी काम कसं केलंय (रॅग्नारॉकमध्ये नायक क्रेटोसचा आवाज ख्रिस्तोफर जज, त्याला २०२२ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये अभिनयाचं बक्षीस मिळालं), गोष्ट कुठे ढिली पडते, हे सांगणारा रिव्ह्यू कामाचा. नुसतं "भव्य, थरारक, अविस्मरणीय" लिहिणारा सोडून द्या, तसं तर बॅनरवर पण लिहिलेलं असतं.

आता आकड्याचं थोडं, कारण लोक त्यालाच धरून बसतात. मेटाक्रिटिक सरळ सरासरी काढत नाही, काही साईटना जास्त वजन देतं काहींना कमी, आणि कोणाला किती ते सांगत नाही. ओपनक्रिटिक ह्या तसल्याच दुसऱ्या साईटवर सरळ सरासरी असते म्हणून दोन्ही बघा. आणि एक मजा, मेटाक्रिटिकवर सिनेमाला ६१ पडले तरी हिरवा (म्हणजे चांगला) रंग मिळतो, गेमला हिरव्यासाठी ७५ लागतात. म्हणजे गेमवाल्यांच्यात ७० म्हणजे जवळजवळ नापास, सगळी खिचडी ७५ ते ९५ च्या मध्येच शिजते, मग ८६ आणि ८९ मध्ये फरक काय तो शोधत बसू नका. कंपन्या मात्र शोधतात. २०१० च्या फॉलआऊट न्यू व्हेगस ह्या गेमच्या वेळी बनवणाऱ्यांचा बोनस ८५ ला बांधलेला होता आणि पडले ८४, ही गोष्ट २०१२ ला बाहेर आली. एका मार्कासाठी बोनस गेला.

मग कुठले रिव्ह्यू वाचायचे? मी तीन वाचतो. एक सगळ्यात जास्त मार्क दिलेला, एक सगळ्यात कमी, आणि तिसरा महत्त्वाचा, मधला, दहातले सात किंवा पाचातले तीन वगैरे. सात देणाऱ्याला कारणं द्यावी लागतात, त्याला गेम आवडलेला पण असतो आणि खटकलेला पण, त्यामुळे तो नेमकं लिहितो. दहा देणारा प्रेमात असतो. सगळ्यात कमी देणारा कधी कधी नुसता लक्ष वेधायला लिहितो पण कधी कधी तोच एकटा खरं बोलत असतो, म्हणून त्याला पण वाचायचं. गोष्ट फुटायची भीती असेल तर सुरुवात आणि शेवटचे दोन पॅरा वाचा, मधलं नंतर.

तारीख बघा. हे कोणी करत नाही. रॅग्नारॉक ९ नोव्हेंबर २०२२ ला आला, रिव्ह्यू ३ नोव्हेंबरलाच बाहेर, म्हणजे सहा दिवस आधी, कंपनीला मालावर भरवसा होता. उलट सायबरपंक २०७७ हा गेम डिसेंबर २०२० ला आला तेव्हा आधी आलेले रिव्ह्यू सगळे पीसीवर खेळून लिहिलेले, कन्सोलची (प्लेस्टेशनसारख्या मशीनची) कॉपी कोणाला आधी दिलीच नव्हती. १० तारखेला लोकांनी प्लेस्टेशन ४ वर लावला आणि बोंबाबोंब झाली, आठवड्याभरात सोनीने स्टोअरवरून काढून टाकला, तो परत यायला जून २०२१ उजाडलं. म्हणून रिव्ह्यूत पहिल्यांदा हे शोधा की ह्या माणसाने कुठल्या मशीनवर खेळलंय. तुमच्याकडे जुना प्लेस्टेशन ४ आणि त्याने लिहिलंय प्लेस्टेशन ५ वर, तर ग्राफिक्स आणि स्पीडबद्दल त्याने जे काय कौतुक केलंय ते तुमचं नाही. तांत्रिक बाजूला डिजिटल फाउंड्री ह्या यूट्यूब चॅनलचे व्हिडिओ बघा, इंग्रजी जड गेलं तरी फ्रेमरेटचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा कोपऱ्यात दिसतोच.

आता साका. हापूस बाहेरून पिवळाधमक, वास सुटलेला, कापला की आत पांढरा आंबट स्पंज, आणि कापल्याशिवाय कळत नाही. गेमचा साका म्हणजे ड्रॅगन्स डॉग्मा २. पहिला भाग २०१२ चा, दुसरा २२ मार्च २०२४ ला आला, समीक्षकांनी चांगले ऐंशीच्या घरात मार्क दिले, मोकळं जग, राक्षसाच्या अंगावर चढून मारायचं, सोबतीला पॉन नावाचे साथीदार, सगळं गोड. आणि त्याच दिवशी स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाईन दुकान) लोकांचे रिव्ह्यू 'मोस्टली निगेटिव्ह'. का? एक तर शहरात शिरलं की माणसांच्या गर्दीने सीपीयूवर (मशीनच्या प्रोसेसरवर) लोड येऊन गेम अडखळायचा. दुसरं म्हणजे रिलीजच्या दिवशी ऑनलाईन दुकानात वेगळे पैसे देऊन घ्यायच्या वस्तू दिसायला लागल्या, ज्या समीक्षकांना खेळताना दिसल्याच नव्हत्या. तिसरं, नव्याने गेम सुरू करायचा ऑप्शनच नव्हता, तो नंतर पॅचने दिला.

पण इथे थांबून लोकांचे रिव्ह्यू पण तपासायला लागतात, नाहीतर आपण एका आकड्यावरून दुसऱ्या आकड्यावर उडी मारली एवढंच. त्या विकायला ठेवलेल्या वस्तू गेममध्ये खेळून पण मिळत होत्या, त्यामुळे "पैसे भरल्याशिवाय खेळताच येत नाही" लिहिणाऱ्यांनी जरा फेकलंच. फ्रेमरेटची तक्रार मात्र खरी होती, कंपनीने पण कबूल केलं. स्टीमवर प्रत्येक रिव्ह्यूच्या वर किती तास खेळून लिहिलंय ते येतं, अर्ध्या तासावर शिव्या घालणारा आणि तीस तासावर तक्रार करणारा ह्यांना एकाच तराजूत घालू नका. 'मिक्स्ड' म्हणजे ४० ते ६९ टक्के लोकांना आवडला, 'मोस्टली निगेटिव्ह' म्हणजे २० ते ३९. शब्द एकच असला तरी ६८ आणि ४१ मध्ये किती फरक आहे बघा, म्हणून टक्के बघा. आणि मेटाक्रिटिकवर २०२० पासून लोकांना रिलीजनंतर ३६ तास मार्क देताच येत नाहीत, कारण त्याआधी लोक गेम न खेळताच शून्य टाकून यायचे.

रॅग्नारॉक पीसीवर १९ सप्टेंबर २०२४ ला आला तेव्हा पण स्टीमवर 'मिक्स्ड' दिसत होता आणि भाऊ म्हणाला बघ, गेम वाईट आहे. गेम तोच होता रे. लोक चिडलेले प्लेस्टेशनचं अकाउंट काढायची सक्ती केली म्हणून, एकट्याने खेळायच्या गेमला, आणि ज्या देशात ती सर्व्हिसच नाही तिथल्यांना तर विकतच घेता येईना. आपल्याकडे अकाउंट निघतं, म्हणजे आपल्याला फक्त पाच मिनिटांची कटकट होती. जानेवारी २०२५ मध्ये ती सक्ती काढतोय असं सोनीने सांगितलं. राग खरा होता पण तो आपला प्रश्न होता काय, एवढंच बघायचं.

आपला प्रश्न कुठला ते सांगतो, जो कुठल्याच रिव्ह्यूत नसतो. पीसीवरच्या रॅग्नारॉकला १९० जीबी एसएसडीवर जागा लागते. डाऊनलोड त्यापेक्षा कमी धरला तरी बाजारात फायबर आलंय आणि वाडीत नाही अशी आपली परिस्थिती. २० एमबीपीएसवर १९० जीबी म्हणजे एकवीस तास, तेही लाईट गेली नाही तर. मोबाईलच्या रोजच्या दोन जीबीवर ९५ दिवस, गणपतीत लावला तर दत्तजयंतीला उतरेल. त्यामुळे कन्सोलवाल्यांनी शक्यतो डिस्क घ्या, खेळून झाल्यावर ओळखीत देता तरी येते. प्लेस्टेशन ५ ची डिस्क तेव्हा ४,९९९ ची होती, दोघांनी मिळून घेतली तर अडीच हजारात पडते. पीसीवाल्यांना स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात, म्हणून पहिले दोन तास सेटिंग आणि फ्रेमरेट तपासण्यात घाला, गोष्टीत अडकू नका. प्लेस्टेशन स्टोअरवर एकदा डाऊनलोड सुरू केला की गेम बिघडलेला असल्याशिवाय परत नाही, तिथे विचार आधीच करा.

बक्षिसांवर पण जाऊ नका. रॅग्नारॉकला २०२२ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये सहा बक्षिसं मिळाली, वर्षातला सर्वोत्तम गेम मात्र एल्डन रिंग ठरला, आणि माझ्या भावाने एल्डन रिंग घेतला असता तर पहिल्या बॉसलाच कंट्रोलर फेकला असता.

रिलीजनंतर दोन आठवडे थांबा, तोपर्यंत पहिले पॅच येतात आणि काय लपवलेलं होतं ते बाहेर येतं. आणि खेळून झाला की स्वतः चार ओळी लिहा, कुठल्या मशीनवर, किती तास, काय खटकलं. मामाच्या पोराला बसवून लिहायला लावलं, त्याने रॅग्नारॉकबद्दल लिहिलं ते असं: "पीएस ४. ३८ तास. ट्रोल कमी झाले. फॅन विमानासारखो वाजता. लाईट तीनदा गेली, सेव्ह गेला नाही."