ॲम्प्ली बिघडला? झाकण उघडण्याआधी या चुका टाळा

गणपतीच्या तोंडावर वर्षभर माळ्यावर पडलेला ॲम्प्ली खाली येतो, एकच स्पीकर वाजतो आणि कुणीतरी स्क्रूड्रायव्हर शोधायला लागतं. थांबा. घरगुती सिस्टीममधले बरेच बिघाड झाकणाच्या बाहेरच असतात.

एक बाजू बंद पडली की ‘आयसी (आवाज वाढवणारी चिप) उडाली’ असा निकाल देऊन मोकळं व्हायची घाई असते. आधी बॅलन्सचा नॉब मधोमध आहे ना ते बघा. मग फोन किंवा टीव्हीकडून येणाऱ्या लीडच्या लाल-पांढऱ्या पिना ॲम्प्लीच्या मागे आपसात बदला. मुका स्पीकर बोलायला लागला आणि बोलणारा मुका झाला, तर ॲम्प्लीला हात लावायचं कारण नाही; दोष लीडमध्ये किंवा तिच्या पलीकडे आहे. काही फरक पडला नाही, तर दोष ॲम्प्लीत, स्पीकरमध्ये किंवा स्पीकरच्या वायरीत.

आता स्पीकर अदलाबदल करून बघायचा मोह होतो. इथे चांगला वूफर हकनाक जातो. आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला असेल तर स्पीकरच्या टर्मिनलवर थेट डीसी (एकाच दिशेचा करंट) येतो आणि कॉइल जळते. म्हणून दोन्ही स्पीकर काढा, इनपुट बंद ठेवा, मल्टिमीटर डीसीवर लावा आणि त्या चॅनलच्या दोन टर्मिनलमध्ये मोजा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर ठीक. काही व्होल्ट दिसले तर त्या बाजूला कुठलाही स्पीकर लावायचा नाही, जुना-पुराणासुद्धा. ‘प्रोटेक्ट’चा दिवा लागून रिले (स्पीकर जोडणारा आतला स्विच) ओढत नसेल तर बहुधा हेच दुखणं असतं. पण त्याआधी मागे स्पीकर वायरीची एखादी मोकळी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली नाही ना, हेही पाहा. केसाएवढी तार पुरते.

फ्यूजची चूक मात्र अक्षम्य. 2 अँपियरचा उडाला म्हणून 10 चा टाकला, नाहीतर तांब्याची तार गुंडाळली, की पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर जातो. त्याच रेटिंगचा नवा फ्यूजही लगेच उडाला, तर तिसरा टाकू नका. रिपेअरवाले अशा वेळी सिरीज बल्ब लावतात: फेजच्या वायरीत 60 किंवा 100 वॉटचा जुना, तारेचा बल्ब. एलईडीचा चालत नाही. बल्ब एकदा चमकून मंद झाला तर कंडेन्सर चार्ज झाले, मोठा शॉर्ट नाही. लख्ख पेटूनच राहिला तर ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग) किंवा आउटपुटमध्ये शॉर्ट आहे. ही कसोटी साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लीसाठी. एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरऐवजी इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लाय) असेल तर ती फसवू शकते. मेन्सवर काम करायची सवय नसेल तर हे जाणकाराकडूनच करून घ्या.

घुमण्याचा आवाज येतोय? व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं तसाच राहिला तर संशय फिल्टर कंडेन्सरवर (सप्लायचा डीसी सपाट करणाऱ्या). जुन्या कंडेन्सरचं डोकं फुगतं, पण डोकं सपाट आहे म्हणून तो धडधाकट असतोच असं नाही. बदलताना व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त घ्या, कमी कधीच नाही, आणि प्लस-मायनस उलटं लावलंत तर तो फुटतो.

व्हॉल्यूमबरोबर घूं कमी-जास्त होत असेल तर तो इनपुटकडून येतोय. सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबल काढून बघा. तेवढ्यानं शांत झालं तर तो अर्थ लूप: केबलचं जाळीचं आवरण एकीकडे अर्थ झालंय, तुमची सिस्टीम दुसरीकडे. उपाय म्हणजे टीव्हीपासून ॲम्प्लीपर्यंत ऑप्टिकल केबल किंवा केबलच्या वाटेत आयसोलेटर. प्लगची अर्थची पिन काढून टाकली तरी घूं थांबतो, हे खरं. पण मग कधी आत वायर सुटली तर पत्र्याच्या बॉडीत 230 व्होल्ट उभे राहतात. घूं परवडला.

नॉब फिरवताना खरखर होते तेव्हा दाराच्या बिजागरीला मारायचा स्प्रे आत फवारू नका. त्याचा तेलकट थर धूळ धरतो. कॉन्टॅक्ट क्लीनर थोडासाच मारा आणि वीज बंद ठेवून नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. कोकणातल्या दमट हवेत हे दर पावसाळ्यानंतर करावं लागलं तर नवल नाही.

आयसी स्वतः बदलणाऱ्यांसाठी एकच सूचना, पण महत्त्वाची. टीडीए 2030 किंवा 7294 या ॲम्प्लीच्या आयसींच्या पाठीचा पत्रा निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो. ड्युअल (प्लस आणि मायनस) सप्लायच्या बोर्डवर अभ्रकाचा तुकडा न घालता ती अर्थ केलेल्या हीटसिंकवर (उष्णता काढून घेणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) कसली, की सुरू करताक्षणी शॉर्ट. अभ्रकाच्या दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्या, स्क्रूला इन्सुलेटिंग बुश घाला आणि मल्टिमीटरच्या बझरवर तपासा: पत्रा ते हीटसिंक, बीप येता कामा नये. ब्रिज ॲम्प्लीत (जो स्पीकरची दोन्ही टोकं चालवतो) स्पीकरच्या मायनसवरही सिग्नल असतो, म्हणून दोन्ही बाजूंचे मायनस एकत्र जोडू नका.

दुरुस्तीनंतर डीसी पुन्हा मोजा. ठीक असेल तर स्वस्तातला एखादा स्पीकर लावून मंद आवाजात अर्धा तास वाजवा, मग वीज काढून हीटसिंकला हात लावा. बोट टेकवत नसेल तर बायस (आउटपुट ट्रान्झिस्टरचा स्थिर करंट) किंवा स्पीकरचे ओहम चुकलेत. दोन 8 ओहमचे स्पीकर एकाच टर्मिनलला पॅरलल लावले की 4 ओहम होतात, आणि ते मागे छापलेल्या किमान आकड्याच्या खाली जात नाहीत ना, ते बघा.