कॅथेटर लावलेल्या म्हाताऱ्या पेशंटला जपताना

वॉर्डात डॉक्टर राउंडला आले की मी रोज विचारते, "ही लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, आज काढायची का?" काही जण वैतागतात. वैतागू देत. नळी जितके दिवस आत, तितका जंतूंचा मुक्काम वाढतो. महिनाभरात जवळजवळ सगळ्यांच्याच लघवीत जंतू सापडतात.

म्हणूनच नुसती गढूळ किंवा वास येणारी लघवी पाहून अँटिबायोटिक मागू नका. जंतू सापडले म्हणजे इन्फेक्शन झालं असं नाही. ताप, हुडहुडी, बरगड्यांखाली पाठीत दुखणं, बीपी उतरणं, यांपैकी काही दिसलं तर लगेच सांगा. आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले तरी सांगा, पण तेव्हा अंगात पाणी कमी पडलंय का, नवी गोळी सुरू झालीय का, पोट साफ होतंय का, हेही बघायला हवं. उगाच दिलेल्या अँटिबायोटिकने जुलाब लागतात, आणि खरी गरज पडते तेव्हा तेच औषध लागू पडेनासं होतं.

कल्चरचा, म्हणजे लघवीत कोणते जंतू आहेत ते शोधायच्या तपासणीचा, नमुना लघवी साठते त्या पिशवीतून घ्यायचा नाही. नळीच्या पोर्टमधून, म्हणजे नमुना घेण्यासाठी ठेवलेल्या तोंडातून घ्यायचा, तोही औषधाच्या पहिल्या डोसआधी. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल आणि अजून लागणारच असेल, तर आधी बदलायची, मग नव्या नळीतून नमुना.

पिशवी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. स्ट्रेचरवर नेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, ते मला अजिबात खपत नाही: लघवी उलटी आत जाते. नळीला पीळ नको, जोड उघडायचा नाही, हात आधीही धुवायचे आणि नंतरही.