मेमेल पदकाची नोंद करताना आधी पदक उलटं करा

पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'आजोबांचं शौर्यपदक'. उत्तर जर्मनीतल्या एका छोट्या स्थानिक इतिहास संग्रहालयात मी दानात आलेल्या वस्तूंच्या नोंदी करते. पाकीट घेऊन आलेल्या बाईंनी फार मायेने ते माझ्या हातात दिलं. आत नाझी जर्मनीचं मेमेल पदक होतं: काळपट कांस्याचं, गोल, रुपयाच्या जुन्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. शौर्याचं मात्र ते नव्हतं. मार्च १९३९ मध्ये जर्मनीने मेमेल हा प्रदेश घेतला त्या कारवाईसाठी हे पदक दिलं गेलं आणि तिच्यात लढाई झालीच नव्हती. १९३८-३९ मधल्या अशा कारवायांना जर्मनीत 'फुलांची युद्धं' म्हणत, कारण सैन्य शहरात शिरताना स्वागताला आलेले लोक फुलं उधळत.

असं पदक तुमच्याकडे आलं तर आधी हातमोजे घाला आणि पॉलिशची बाटली लांब ठेवा. कांस्यावर चढलेला काळपटपणा म्हणजे त्या वस्तूचं वय. घासून तो घालवला की परत येत नाही.

मग पदक उलटं करा. बहुतेक जण पुढची बाजू बघत बसतात, कारण चित्र तिथे आहे. पण मेमेल पदकाची ओळख मागच्या बाजूला आहे. ओकच्या पानांच्या वेढ्यात जर्मन मजकूर आहे: 'मेमेलभूमीच्या घरी परतण्याच्या स्मरणार्थ, २२ मार्च १९३९'. मूळ शब्द 'हाइमकेर', म्हणजे घरी परत येणं. या शब्दापाशी थांबा. पदकातला सगळा प्रचार या एका शब्दात भरलेला आहे.

मेमेल म्हणजे आजच्या लिथुआनियातलं क्लाइपेडा बंदर आणि त्याच्या आसपासचा प्रदेश. १९१९ च्या व्हर्सायच्या तहाने तो जर्मनीपासून तोडला. काही वर्षं फ्रेंच प्रशासन होतं, जानेवारी १९२३ मध्ये लिथुआनियाने तो ताब्यात घेतला आणि १९२४ च्या करारानुसार त्याला स्वायत्तता मिळाली. तिथल्या बऱ्याच लोकांना जर्मनीत जायचं होतं, हे नोंदीत लपवू नका. डिसेंबर १९३८ च्या प्रादेशिक निवडणुकीत जर्मन यादीला सुमारे ८७ टक्के मतं पडली होती. पण २० मार्च १९३९ रोजी बर्लिनमध्ये जर्मनीचा परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप याने लिथुआनियाचे परराष्ट्रमंत्री युओझास उर्बशिस यांना समोर बसवून प्रदेश सोडा म्हणून धमकावलं, नाही तर सैन्य येईल असं बजावलं. करारावर तारीख पडली ती २२ मार्चची, म्हणजे पदकावरचीच. दुसऱ्या दिवशी हिटलर 'डॉइचलांट' या युद्धनौकेतून बंदरात उतरला आणि नाट्यगृहाच्या सज्जातून भाषण करून निघून गेला.

आता पुढची बाजू. दोन उघडे पुरुष. एकाच्या हातात नाझी झेंडा आहे, तो चौथऱ्यावर उभा राहून दुसऱ्याला हात देऊन वर घेतो आहे. चौथऱ्यावर गरुड आणि स्वस्तिक. भिंग लावून दुसऱ्या पुरुषाचा उजवा हात बघा, मनगटाला तुटलेली बेडी आहे. आम्ही सोडवलं म्हणून हा मोकळा झाला, असं म्हणायचं आहे. ही रचना म्युनिकचे शिल्पकार रिचर्ड क्लाइन यांची. पण ती मेमेलसाठी केलेलीच नव्हती! आधी ती ऑस्ट्रिया जोडून घेतल्याच्या पदकावर आली (त्याच्या मागे १३ मार्च १९३८), मग सुडेटेनलँड या चेकोस्लोव्हाकियाच्या सीमाभागाच्या पदकावर (१ ऑक्टोबर १९३८) आणि शेवटी इथे. तीन वेगळे प्रदेश, तीन वेगळे इतिहास आणि बेडी तोडलेला माणूस मात्र एकच. म्हणून म्हणते, पुढची बाजू बघून पदक ओळखायला जाऊ नका, फसाल. ऑस्ट्रियाचं चंदेरी असतं एवढा फरक दिसतो, बाकी दोन्ही कांस्यरंगी.

रिबन शिल्लक असेल तर काम सोपं होतं. मध्ये लाल, कडांना हिरवा, त्यांच्या मधून पांढरा. मेमेल ज्यात मोडतं त्या लिथुआनिया मायनर या भागाच्या झेंड्यात हेच तीन रंग आहेत. प्रदेश 'परत आणल्याच्या' पदकावर त्या मातीतल्या लिथुआनियन भाषकांचे रंग आहेत, हे मला दर वेळी खटकतं आणि मी ते नोंदीत लिहिते.

खरं की नक्कल? धातूच्या कडेवरून बोट फिरवा. साच्यात ओतलेल्या नकलेला कडेला बारीक शिवण लागते आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. ठोकून बनवलेल्या अस्सल पदकात बेडीच्या कड्या आणि बोटं स्पष्ट असतात. अंधारात रिबनवर अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. धागा निळसर पांढरा झगमगला तर रिबन बहुधा युद्धानंतरची आहे. मात्र रिबन बदललेली असू शकते, तेवढ्यावरून पदक खोटं ठरवू नका. पदक १ मे १९३९ रोजी सुरू झालं आणि दिलेल्यांची संख्या ३१,३२२ सांगितली जाते. ऑस्ट्रियाची ३,१८,६८९ आणि सुडेटेनलँडची ११,६२,६१७. मेमेलचं इतकं कमी असल्यामुळेच त्याच्या नकला फार.

सोबत प्रमाणपत्र असेल तर ते पदकाइतकंच जपा. माणसाचं नाव आणि हुद्दा त्यावरच असतो. आमच्या पाकिटात ते होतं. आजोबा सैनिक नव्हतेच, प्रशासनातले कारकून होते. बाईंना मी हे फोनवर सांगितलं नाही, बोलावून घेतलं आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्या बराच वेळ वाचत बसल्या.

नोंदीतली क्रियापदं जपून निवडा. 'मेमेल जर्मनीला परत मिळालं' असं लिहिलंत तर पदकाचंच वाक्य पुन्हा लिहिलंत. 'जर्मनीने धमकी देऊन मेमेल जोडून घेतलं', हे वाक्य सरळ आहे, कोणी काय केलं ते त्यात दिसतं. आणि ज्यांना हे 'घरी परतणं' भोवलं त्यांना एक तरी ओळ द्या. मेमेलच्या ज्यू कुटुंबांपैकी बहुतेकांनी त्या काळात घरंदारं टाकून लिथुआनियात आसरा घेतला. जून १९४१ मध्ये जर्मन सैन्य तिथेही पोचलं आणि त्यांच्यातले अनेक जण मारले गेले. पदकावर त्यांच्यासाठी जागा नाही, नोंदीत आहे.

जर्मनीत स्वस्तिक उघड दाखवणं फौजदारी कायद्याच्या कलम ८६अ खाली गुन्हा आहे, शिक्षण आणि इतिहासाच्या कामाला सूट आहे. म्हणून पदकाचा फोटो जाहिरातीच्या पत्रकावर छापू नका, माहितीसोबत कपाटातच ठेवा.

आमच्याकडे ते मागची बाजू वर करून मांडलं आहे. खाली छोटा आरसा आहे, वाकून बघितलं की बेडीवाला माणूस दिसतो. रिबनचा हिरवा रंग उडू नये म्हणून कपाटातला दिवा ५० लक्सच्या आत, म्हणजे मंदच, ठेवतो. पेन्सिलीच्या अक्षरांचं ते पाकीटही बाईंच्या परवानगीने शेजारीच लावलं आहे.