ऑनलाइन कौलाचा आकडा वाचताना या चुका टाळा

समजा, एखाद्या बातमीखाली चौकट आहे: ‘निर्णय योग्य वाटतो का? होय, नाही, सांगता येत नाही.’ आपण बोट टेकवतो आणि लगेच रंगीत पट्टी उमटते, होय ७८ टक्के. दुसऱ्या दिवशी हाच आकडा ‘जनतेचा कौल’ म्हणून फिरू लागतो. खरं तर तो ती बातमी उघडलेल्या, खालपर्यंत वाचलेल्या आणि मत द्यावंसं वाटलेल्या लोकांचा आकडा असतो. त्यात जनता कुठे आली?

पहिली चूक: मतं भरपूर, म्हणून कौल खरा

ही चूक सगळ्यात जुनी आणि सगळ्यात महागात पडणारी. १९३६ साली अमेरिकेत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. २० लाखांहून जास्त भरून परत आल्या. त्यांवरून साप्ताहिकाने रिपब्लिकन उमेदवार लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात त्यांच्याविरुद्ध उभे असलेले तेव्हाचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मतं पडली आणि लँडनना फक्त दोन राज्यं मिळाली. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने फारच थोड्या लोकांना विचारून रूझवेल्ट जिंकतील हे बरोबर ओळखलं होतं. साप्ताहिकाने नावं घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि मंदीच्या त्या काळात या दोन्ही गोष्टी प्रामुख्याने सुस्थितीतल्यांकडेच असत. शिवाय पत्रिका परत पाठवायची तसदी घेणारे आणि न घेणारे यांच्या मतांतही फरक होता. आजच्या ऑनलाइन कौलात हे दुसरं कारण आणखी तीव्र होतं, कारण तिथे कुणी कुणाला निवडतच नाही, ज्याला वाटेल तो येतो. चिडलेला माणूस हमखास येतो, ज्याला विशेष काही वाटत नाही तो पुढे सरकतो.

शितावरून भाताची परीक्षा होते, पण शीत पातेल्यात कुठूनही उचललेलं असेल तरच. नीट, रँडम पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडलेल्या १,००० माणसांच्या उत्तरांत साधारण अधिक-उणे ३ टक्क्यांची चूक धरावी लागते. आपणहून आलेल्या दोन लाखांच्या बाबतीत असं कुठलंच गणित मांडता येत नाही. म्हणून अशा कौलाखाली ‘अधिक-उणे’ छापलेलं दिसलं, तर तिथेच सावध व्हा.

दुसरी चूक: एक माणूस, एक मत असं धरून चालणं

बऱ्याच कौलांत ‘याने आधी मत दिलंय’ ही खूण फक्त ब्राउझरच्या कुकीत, म्हणजे आपल्याच फोनमध्ये किंवा संगणकात साठणाऱ्या छोट्या नोंदीत ठेवलेली असते. कुकी पुसली किंवा ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडली की पुन्हा मत देता येतं. त्यासाठी प्रोग्रॅमही लिहिता येतो. २००९ साली ‘टाइम’च्या प्रभावशाली व्यक्तींच्या ऑनलाइन मतदानात फोरचॅन या संकेतस्थळाच्या वापरकर्त्यांनी आपल्याच संस्थापकाला पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवलं होतं. इतकी खटपट नसली तरी एखाद्या गटात ‘इथे जाऊन मत द्या’ असा निरोप फिरला की तासाभरात पट्टी उलटते. आकडा अचानक पालटलेला दिसला तर आधी हाच संशय घ्या.

तिसरी चूक: प्रश्न न वाचता टक्के वाचणं

‘या अन्यायकारक निर्णयाला तुमचा पाठिंबा आहे का?’ या प्रश्नातच उत्तर भरलेलं आहे. ‘सांगता येत नाही’ हा पर्याय नसेल तर काठावरची माणसं एकतर जबरदस्तीने एका बाजूला जातात, नाहीतर निघून जातात. आणि कालच्या कौलाशी आजचा ताडून ‘मत बदललं’ म्हणणंही चूक, कारण दोन्हीकडची माणसंच वेगळी असतात.

मग पुढे पाठवण्याआधी काय पाहायचं? माणसं कुणी आणि कशी निवडली, ती किती, कुठली, कोणत्या तारखांना विचारलं, मूळ प्रश्नाचे नेमके शब्द काय आणि पैसे कुणी दिले. इंटरनेटवरून घेतलेला प्रत्येक सर्व्हे टाकाऊ नसतो. काही संस्था आधी माणसं निवडून मगच त्यांना ऑनलाइन प्रश्न पाठवतात, वय, शिक्षण, प्रदेश यांनुसार उत्तरांना वजन देतात, म्हणजे ज्या गटातली माणसं प्रमाणापेक्षा कमी आली त्यांची उत्तरं जास्त धरतात, आणि ही सगळी पद्धत उघड मांडतात. अशा सर्व्हेला आणि बातमीखालच्या चौकटीला एकाच मापाने मोजू नका.

काही माध्यमं ‘हा शास्त्रीय सर्व्हे नाही’ असं प्रामाणिकपणे लिहितात, पण बारीक अक्षरात, अगदी तळाशी. आकडा स्क्रीनशॉटमध्ये जातो, ती ओळ मागे राहते. संपादकांनी ती ओळ टक्क्यांच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात छापावी.