पोळीभाजीच्या जागी नटबोल्ट: स्थानिक सर्व्हरवरील व्हर्च्युअल होस्टची दुरुस्ती

ठाण्यात नौपाड्यातील एका पोळीभाजी केंद्राचे आणि वागळे इस्टेटमधील एका कारखान्याचे, अशी दोन संकेतस्थळे मी घरच्या लॅपटॉपवर झॅम्प या संचातील अपाची या वेब सर्व्हरवर एकाच वेळी बांधत होतो. ब्राउझरमध्ये 'पोळीभाजी.टेस्ट' लिहिले की दर वेळी कारखान्याच्या नटबोल्टांची यादी उघडत असे, आणि ज्या फाइलींमध्ये काहीच चूक नव्हती त्याच बदलत बसण्यात माझी संध्याकाळ गेली. खाली आज्ञा आणि नावे देवनागरीत दिली असली, तरी प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांतच टाइप करावयाची आहेत.

कोणतीही फाइल उघडण्यापूर्वी ब्राउझर नेमके काय म्हणतो ते नीट वाचावे, कारण चूक कोठे आहे हे तेथेच निम्मे कळते. नावाचा पत्ताच सापडत नसेल, तर दोष होस्ट्स फाइलीत, म्हणजे नावांना पत्ते जोडणाऱ्या संगणकावरील यादीत, असतो. जोडणी नाकारली गेली, तर बहुधा सर्व्हर बंद असतो किंवा पोर्ट, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर ऐकतो तो, चुकलेले असते. भलतेच संकेतस्थळ उघडले, तर नाव सर्व्हरपर्यंत पोहोचले आहे, पण त्याच्याशी जुळणारा व्हर्च्युअल होस्ट (एकाच सर्व्हरवरील एका संकेतस्थळाची नोंद) अपाचीला सापडलेला नाही, असे समजावे. '४०३ फॉरबिडन' दिसले, तर प्रश्न परवानगीचा असतो.

विंडोजमधील होस्ट्स फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या क्रमाने गेल्यावर सापडते. नोटपॅड 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'ने उघडून तीत १२७.०.०.१ हा आपल्याच संगणकाचा पत्ता, एक रिकामी जागा आणि आपले नाव अशी ओळ लिहावी. येथे एक फसवा प्रकार घडतो: 'सेव्ह ॲज'ने जतन केले, तर नोटपॅड फाइलीच्या शेवटी गुपचूप 'डॉट टीएक्सटी' जोडतो, जुनी फाइल होती तशीच राहते, आणि एक्सप्लोररमध्ये एक्सटेन्शन लपवलेले असल्याने ही नक्कल लक्षात येत नाही. कमांड प्रॉम्प्टवर त्या नावाला पिंग करून उत्तर १२७.०.०.१ वरून येते का, हे पाहिले की शंका मिटते. या फाइलीत तारांकन चालत नाही. प्रत्येक उपनाव वेगळे लिहावे लागते. नावाचा शेवट 'डॉट टेस्ट' ठेवावा, कारण तो १९९९ सालच्या आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या नियमपत्रानुसार चाचणीसाठीच राखून ठेवलेला आहे. जुन्या धड्यांमधला 'डॉट डेव्ह' टाळावा. ते आता खरे डोमेन असून ब्राउझर त्यावर एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीचीच सक्ती करतात.

आता माझ्या नटबोल्टांकडे येतो. अपाची ब्राउझरने पाठवलेल्या होस्ट या शीर्षकातील नाव प्रत्येक व्हर्च्युअल होस्टच्या सर्व्हरनेम (मुख्य नाव) आणि सर्व्हरएलियास (पर्यायी नावे) यांच्याशी ताडून पाहतो, आणि कोठेच जुळले नाही, तर कुरकुर न करता त्या पोर्टवरील पहिल्या व्हर्च्युअल होस्टच्या हाती विनंती देतो. माझ्या फाइलीत पहिला कारखाना होता. अशा वेळी अंदाज बांधण्याऐवजी झॅम्पच्या अपाचीमधील बिन फोल्डरमध्ये जाऊन 'एचटीटीपीडी -एस' ही आज्ञा द्यावी. यातला 'एस' मोठ्या लिपीतला हवा. अपाचीला कोणते व्हर्च्युअल होस्ट दिसतात, त्यांतला डिफॉल्ट कोणता आणि प्रत्येक जण कोणत्या फाइलीच्या कितव्या ओळीवर आहे, हे सारे ती छापते. मी ती यादी पाहिली तेव्हा भाजीतला 'भा' होस्ट्स फाइलीत एका 'ए'ने आणि सर्व्हरनेममध्ये दोन 'ए'ने लिहिलेला निघाला.

यादीत नावच नसेल, तर ती फाइल वाचलीच जात नाही. अशा वेळी मुख्य एचटीटीपीडी.कॉन्फमध्ये एचटीटीपीडी-व्हीहोस्ट्स.कॉन्फची इन्क्लूड ओळ '#' ने बंद तर केलेली नाही, हे पाहावे. उबुंटू या लिनक्सवर होस्ट चालू करणारी 'ए२एनसाइट' ही आज्ञा चालवायची राहिलेली असते. पोर्टही जुळले पाहिजे: अपाची कोणत्या पोर्टवर ऐकेल ते सांगणारी ओळ 'लिसन ८०८०' असताना होस्ट ८० वर बांधला, तर तो कधीच निवडला जाणार नाही. पहिला होस्ट लिहिल्यावर लोकलहोस्ट हे आपल्याच संगणकाचे नेहमीचे नावही त्याच्याकडेच जाते आणि पीएचपीमायॲडमिन हे डेटाबेस पाहण्याचे साधन हरवल्यासारखे वाटते. म्हणून सर्वांत वर लोकलहोस्टसाठी स्वतंत्र होस्ट लिहावा.

४०३ चे मूळ बहुतेक वेळा जुन्या धड्यांत असते. 'ऑर्डर अलाउ, डिनाय' ही पद्धत अपाची २.२ ची आहे; २०१२ मध्ये आलेल्या २.४ पासून संबंधित डिरेक्टरी विभागात 'रिक्वायर ऑल ग्रँटेड' लिहावे लागते. उबुंटूवर प्रकल्प होम फोल्डरमध्ये ठेवला, तर ही ओळ असूनही ४०३ येऊ शकते, कारण २१.०४ पासून नव्या वापरकर्त्याचे होम फोल्डर इतरांना बंद असते. वाटेतले कोणते फोल्डर आडवे येते, ते 'नेमआय -एल' ही आज्ञा दाखवते.

प्रत्येक बदलानंतर 'एचटीटीपीडी -टी' चालवून मगच अपाची पुन्हा सुरू करावा. 'सिंटॅक्स ओके' म्हणजे व्याकरण बरोबर, एवढेच. माझ्या दोन 'ए'लाही ते उत्तर मिळाले होते.

शेवटी केंद्राच्या मालकांनी आपल्या फोनवर संकेतस्थळ पाहायला मागितले. होस्ट्स फाइल फक्त लॅपटॉपपुरती असल्याने फोनला ते नाव ठाऊक नसते, आणि लॅपटॉपचा वाय-फायवरील आयपी पत्ता टाकला, तर पुन्हा पहिलाच होस्ट उघडतो. त्यासाठी मी 'लिसन ८०८१' ही ओळ घालून पोळीभाजीचा होस्ट त्या पोर्टवरही लिहिला आणि विंडोज फायरवॉलमध्ये ते पोर्ट खुले केले. आयपी पत्त्यापुढे विसर्गचिन्ह आणि ८०८१ लिहिताच त्यांच्या फोनवर थाळीचे दर दिसू लागले.